तपकिरी तलंगा हव्यात? आधी कोंबडा पाहा

वर्धा : सेलू, देवळी, आर्वी भागात परसात कोंबड्या पाळणारे अनेक जण तपकिरी कोंबडी जपून ठेवतात, तरी पिल्लं पांढुरकी निघतात. असं का होतं?

पिसांचा तांबूस रंग ठेवायचा की चंदेरी करायचा, हे ठरवणारं जनुक 'झेड' गुणसूत्रावर असतं. कोंबड्याकडे दोन झेड, कोंबडीकडे एकच. मादी पिल्लाला तो बापाकडूनच मिळतो. म्हणजे या बाबतीत लेक बापावर जाते. चंदेरी जनुक प्रबळ असतं, त्यामुळे तपकिरी कोंबड्यात ते लपून राहत नाही.

ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि लाइट ससेक्ससारखी चंदेरी कोंबडी लावली, तर मादी पिल्लं तपकिरी, नर फिकट पिवळे. पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखता येतात. शुद्ध चंदेरी कोंबडा लावला, तर सगळीच फिकट.

पांढऱ्या लेगहॉर्नला हा हिशेब लागू नाही. तिचा पांढरा रंग वेगळ्या जनुकामुळे असतो.

रंगावर अंडी ठरत नाहीत. म्हणून कोंबडा निवडताना त्याची आई किती अंडी देते तेही पाहा. बहीण-भावाची जोडी मात्र लावू नका.