‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा सत्ताविसावा अंक : श्रेयनिर्देश आणि इतिहासलेखन

प्रस्तावना

स्वस्त कागदावर छापलेली आणि वाचून टाकून देण्यासाठीच काढलेली चित्रकथांची मासिके दीर्घकाळ इतिहासाची साधने मानली गेली नाहीत. मात्र विसाव्या शतकातील अमेरिकी समाजजीवन आणि प्रकाशन व्यवसाय समजून घेताना या मासिकांना वगळता येत नाही. मे १९३९ हा महिना मुखपृष्ठावर असलेला ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा सत्ताविसावा अंक हे त्याचे ठळक उदाहरण होय. ‘बॅटमॅन’ ही व्यक्तिरेखा प्रथम याच अंकात अवतरली. या अंकाच्या आधारे सामूहिक निर्मिती आणि छापील श्रेय यांच्यातील अंतराचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अंकाची पार्श्वभूमी व घडण

माल्कम व्हीलर-निकल्सन यांनी योजलेले ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ मार्च १९३७ मध्ये सुरू झाले. आर्थिक अडचणींमुळे १९३८ मध्ये व्यवसाय त्यांच्या हातून गेला आणि हॅरी डोनेनफेल्ड व जॅक लिबोविट्झ यांच्याकडे आला. त्याच वर्षी ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’मधून आलेल्या ‘सुपरमॅन’ला मोठे यश लाभले. तेव्हा संपादक व्हिन सुलिव्हन यांना तशाच दुसऱ्या नायकाची निकड भासली आणि तरुण चित्रकार बॉब केन यांनी ते काम स्वीकारले.

सत्ताविसावा अंक चौसष्ट पानांचा असून त्याची किंमत दहा सेंट होती. त्यात बॅटमॅनच्या कथेला केवळ सहा पाने, म्हणजे एकदशांशाहूनही कमी जागा मिळाली. उर्वरित पानांत मासिकाची नेहमीची सदरे होती. जेरी सीगल व जो शूस्टर यांचा दणकट खाजगी गुप्तहेर स्लॅम ब्रॅडली पहिल्या अंकापासूनच मासिकात होता. बॅटमॅन हा असा गुप्तहेरांच्या मेळ्यात आलेला एक नवा पाहुणा होता. एका रासायनिक कंपनीच्या भागीदारांचे खून आणि त्यांचा तपास हे त्याच्या पहिल्या कथेचे सूत्र. पोलीस आयुक्त गॉर्डन आणि श्रीमंत, निरुद्योगी भासणारा ब्रूस वेन ही दोन्ही पात्रे येथेच प्रथम भेटतात. वेन हाच बॅटमॅन असल्याचे रहस्य शेवटी उलगडते. अलौकिक शक्ती नसलेला हा नायक गुप्तहेरकथेच्या परंपरेतूनच घडला, हे त्याच्या शेजारच्या सदरांकडे पाहिल्यावर स्पष्ट होते.

छापील नाव आणि प्रत्यक्ष निर्माते

कथेच्या आरंभी नाव आहे ते एकट्या केन यांचे. प्रत्यक्षात ही कथा बिल फिंगर (१९१४–१९७४) यांनी लिहिली. केन यांच्या प्राथमिक रेखाटनात लाल पोशाख, ताठ पंख आणि डोळ्यांपुरता लहान मुखवटा होता. कानांसारखी टोके असलेले शिरस्त्राण, पंखांऐवजी झूल आणि करड्या-काळ्या रंगांचा पोशाख या सूचना फिंगर यांच्या. ‘ब्रूस वेन’ हे नावही त्यांनीच योजले.

निर्मितीची साखळी येथेच थांबत नाही. ‘द शॅडो’ मासिकातील थिओडोर टिन्सली यांच्या १९३६ मधील कादंबरीवरून पहिल्या कथेचे कथानक उचलले गेल्याचे २००७ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिले. ती कादंबरीदेखील टिन्सली यांच्या नावावर नव्हती; ‘मॅक्सवेल ग्रँट’ या प्रकाशकाच्या सामायिक टोपणनावाने ती प्रसिद्ध झाली होती. मुखपृष्ठावर दोराला लोंबकळणाऱ्या बॅटमॅनची ठेवण अ‍ॅलेक्स रेमंड यांच्या ‘फ्लॅश गॉर्डन’मधील चित्रावर बेतलेली आहे.

अशा अनेक हातांतून एकच नाव पुढे येण्याचे कारण व्यवहारात सापडते. पानामागे ठरावीक मोबदला देऊन हक्क विकत घेणे ही प्रकाशकांची रीत होती. सीगल व शूस्टर यांनी ‘सुपरमॅन’चे हक्क १३० डॉलरला विकले. केन यांनी मात्र स्वतःच्या श्रेयनिर्देशाची तरतूद प्रकाशकाकडून करून घेतली. फिंगर आरंभी केन यांचे पडद्यामागील लेखक होते, त्यामुळे त्या व्यवहारात त्यांना स्थान नव्हते.

१९६५ मध्ये अभ्यासक जेरी बेल्स यांनी फिंगर यांचे योगदान लेखाद्वारे उजेडात आणले, तेव्हा केन यांनी खुल्या पत्रातून ते नाकारले. पुढे १९८९ च्या आत्मचरित्रात त्यांनी ते बऱ्याच अंशी मान्य केले. परंतु फिंगर यांच्या निधनाला तोवर पंधरा वर्षे लोटली होती. लेखक मार्क टायलर नोबलमन यांचे संशोधन आणि फिंगर यांच्या नातीचा पाठपुरावा यांनंतर सप्टेंबर २०१५ मध्ये प्रकाशकांनी अधिकृत श्रेय जाहीर केले. दरम्यान फेब्रुवारी २०१० मध्ये या अंकाची एक प्रत लिलावात १०,७५,५०० डॉलरला विकली गेली होती.

निष्कर्ष

१) नियतकालिकाचा अंक साकल्याने वाचल्यास त्यातील प्रसिद्ध घटकाचे मूळ स्थान आणि परंपरा कळते.

२) छापील श्रेय हा त्या काळच्या व्यावसायिक कराराचा पुरावा ठरतो. निर्मितीचा पुरावा म्हणून त्याचा स्वीकार करण्यापूर्वी मुलाखती, पत्रे व पूर्वसाहित्य यांच्याशी ते ताडून पाहणे आवश्यक असते.

३) फिंगर यांना न्याय मिळण्यास शहात्तर वर्षे लागली आणि तो त्यांना स्वतःला पाहता आला नाही. साधनांच्या चिकित्सेला होणाऱ्या विलंबाची किंमत माणसांना मोजावी लागते, याची नोंद इतिहासाच्या अभ्यासकांनी घेतली पाहिजे.