पोट झाकलेलं मध्ययुग

‘बेली डान्स’ हे नावच मुळी भाषांतर आहे. मूळ प्रयोग फ्रेंच, अर्थ ‘पोटाचा नाच’. १८९३च्या शिकागो जागतिक प्रदर्शनानंतर तो अमेरिकेत गाजला. अरबीत या नाचाला ‘रक्स शर्की’, म्हणजे पूर्वेकडचं नृत्य, म्हणतात. त्यात पोटाचा उल्लेखही नाही.

पोशाखाची कथा फार वेगळी नाही. मण्यांनी मढवलेली आखूड काचोळी, कमरेला झालरीचा पट्टा, तलम घागरा आणि मधलं उघडं पोट, या जोडाला ‘बदला’ म्हणतात. (मराठी कानाला सूड ऐकू येईल, पण अरबी अर्थ साधा आहे: कपड्यांचा जोड.) तो रूढ झाला कैरोच्या रंगमंचांवर, १९२०च्या दशकात. बदिया मसाबनी यांनी १९२६ साली तिथे आपलं नृत्यगृह काढलं. युरोपीय कॅबरे आणि हॉलिवूडने रंगवलेली पूर्व, दोन्ही त्या पोशाखात उतरल्या.

आता हाच पोशाख मध्ययुगीन मेळ्यांत भेटतो. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ सुरू झाली. सतराव्या शतकाआधीचं जग हौसेनं पुन्हा उभं करणारी ही मंडळी. चिलखताच्या कड्या कशा जोडाव्यात, झग्याची शिवण हाताची हवी की यंत्राची चालेल, यावर तिथे तावातावानं वाद होतात. आणि रात्री शेकोटीपाशी ‘बदला’ घातलेली नर्तकी आली की तीच पूर्व म्हणून चालून जाते. युरोपला शिवण मोजून न्याय आणि पूर्वेला नुसती चमचम, हे मला खटकतं.

पुरावे नाहीत असं मुळीच नाही. इराकमधल्या समारा इथल्या राजवाड्यात नवव्या शतकातलं भित्तिचित्र सापडलं. त्यातल्या दोघी नर्तकी नाचता नाचता मद्य ओतताहेत, अंगावर पायघोळ वस्त्रं. सोळाव्या शतकातली ऑटोमन स्त्री आत लांब सदरा आणि सलवार घाले, वरून ‘एंतारी’ हा अंगरखा. थोडं पुढे गेलं तर १७२०च्या उत्सवाची लेव्हनीची लघुचित्रं आहेत. त्यांतले घेरदार घागऱ्यातले काही नर्तक तर पुरुष आहेत.

अमेरिकेतल्या ‘ट्रायबल’ शैलीनं पाठ उघडी असलेली चोळीही उचलली, तीही ‘चोली’ याच नावानं. राजस्थान-गुजरातकडचा हा कपडा कैरोच्या पट्ट्यासोबत, असयूतच्या चंदेरी जाळीसोबत सुखानं नांदतो. ती जाळी तर यंत्रावर विणलेली, म्हणजे एकोणिसाव्या शतकाआधी असणं शक्यच नाही. रंगमंचावर या मिश्रणाला माझी काहीच हरकत नाही. कैरोचा ‘बदला’ही खोटा नाही, तो विसाव्या शतकाचा अस्सल पोशाख आहे. त्यावर बाराव्या शतकाची चिठ्ठी लावली की मात्र त्या काळच्या बायका पुसल्या जातात.

जुना सदरा शिवायला तसा सोपा. सरळ पट्टे, बाजूंना कळ्या, काखेत चौकोनी ठिगळ. तो घालून नाचलं तर पोट दिसत नाही. कमरेखाली बांधलेला शेला तेवढा हलतो.