हेन्री आयर्टन: जमिनीच्या हक्कासाठी राजाशी लढलेला माणूस

इंग्लंडच्या यादवीत राजा चार्ल्सला हरवलेल्या सैन्याने ऑक्टोबर 1647च्या अखेरीस लंडनजवळ पटनी येथे एक विलक्षण वाद मांडला: या देशात मताचा हक्क कोणाला असावा? ज्याने कायदा पाळायचा त्याची त्या कायद्याला संमती हवी, मग तो कितीही गरीब असो, असे कर्नल टॉमस रेन्सबरो म्हणत होता. त्याला सर्वांत चिवट विरोध केला कमिसरी-जनरल हेन्री आयर्टन याने. जन्माने माणूस म्हणून मत मागता येत असेल, तर त्याच न्यायाने दुसऱ्याच्या शेतावरही हक्क सांगता येईल. म्हणून ज्याची जमीन किंवा व्यापारी संघातले स्थान या देशात कायमचे रुजले आहे त्यानेच मत द्यावे, असा त्याचा मुद्दा होता. विल्यम क्लार्कने टिपून ठेवलेला हा वाद सी. एच. फर्थ यांनी 1891 मध्ये छापला. तेव्हापासून आयर्टनवर, बंड जिंकताच बंडाकडे पाठ फिरवणारा बडा अधिकारी, असा शिक्का अनेकदा बसला आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. आयर्टन पटनीला बदलला नाही. ज्या घरातून आणि ज्या शिक्षणातून तो आला, त्यांचीच भाषा तो तिथे बोलत होता.

आयर्टन घराणे मूळचे डर्बीशरमधल्या लिटल आयर्टनचे. हेन्रीचे वडील जर्मन आयर्टन 1605च्या सुमारास नॉटिंगहॅमशरमधल्या अ‍ॅटनबरोला येऊन स्थायिक झाले. ही मंडळी उमराव नव्हती आणि कुळेही नव्हती. दरबारात वजन नसलेल्या, गावात मात्र मान असलेल्या अशा जमीनदारांची सारी पत जमिनीच्या कागदांवर उभी असे. हेन्री 1611 मध्ये जन्मला, वडील 1624 मध्ये वारले, आणि थोरला मुलगा म्हणून घराचा वारसा त्याच्याकडे आला. धाकटा जॉन लंडनच्या व्यापारात गेला आणि पुढे 1658 मध्ये शहराचा लॉर्ड मेयर झाला. थोरल्याने जमीन सांभाळायची आणि धाकट्याने पेठेत नशीब काढायचे, ही त्या वर्गाची नेहमीची रीत. आयर्टनने पटनीला मताधिकारासाठी जमीन आणि व्यापारी संघ हीच दोन नावे घेतली. हे दोन भाऊ डोळ्यांसमोर ठेवले की त्यात काहीच नवल राहत नाही. ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजची पदवी घेऊन 1629 मध्ये तो लंडनच्या मिडल टेंपल या कायद्याच्या संस्थेत दाखल झाला. अशा घरांतली कितीतरी मुले तिथे वकिली करण्यासाठी नव्हे, तर आपली मालमत्ता राखण्यापुरता कायदा शिकण्यासाठी जात.

पण ज्याला मालमत्ता राखायची तो राजावर शस्त्र का उचलेल? कारण 1630च्या दशकात मालमत्तेला धोका राजाकडूनच होता. चार्ल्सने संसदेला न विचारता जहाजपट्टी वसूल केली, आणि ती द्यायला नकार देणाऱ्या जॉन हॅम्पडनच्या खटल्यात बारापैकी सात न्यायाधीशांनी राजाचीच बाजू घेतली. संमतीविना कर घेता येतो म्हटल्यावर कोणाचेही शेत सुरक्षित राहत नाही. राजाविरुद्ध आणि रेन्सबरोविरुद्ध आयर्टन एकाच तत्त्वासाठी उभा होता.

यावर धर्माचा आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. वडील कडवे प्युरिटन होते, चर्चच्या न्यायालयाशी त्यांचा खटका उडाला होता. श्रद्धेने आयर्टनला 1642 मध्ये युद्धासाठी घराबाहेर काढले असेल, हे मी मान्य करतो. पण पटनीची फूट श्रद्धेने समजत नाही, कारण तिथे दोन्ही बाजूंना देवभीरू माणसेच होती. दुसरा आक्षेप सासरेबुवांचा. सासरा आणि सैन्याचा नेता ऑलिव्हर क्रॉमवेल याने त्याला हाताशी धरले हे खरे. पण ब्रिजेट क्रॉमवेलशी त्याचे लग्न जून 1646 मधले, आणि नेझबीच्या लढाईत घोडदळाची डावी फळी सांभाळताना तो जखमी होऊन पकडला गेला, निसटलाही, ते त्याच्या वर्षभर आधी. शिवाय त्या काळात लेखणी जावयाचीच चालत होती. राजापुढे 1647 मध्ये ठेवलेल्या समझोत्याच्या कलमांचा मुख्य कर्ता तोच होता.

सर्वांत अवघड प्रश्न 6 डिसेंबर 1648चा. त्या दिवशी सैन्याने राजाशी तडजोड करू पाहणाऱ्या विरोधी खासदारांना संसदेच्या दारातून हुसकले, आणि त्यामागे आयर्टन होता. कायद्याच्या माणसाने केलेला हा उघड कायदेभंग. त्याचे समर्थन होऊ शकत नाही. तरीही राजाला गुपचूप संपवण्याची वाट त्याच्या पक्षाने धरली नाही. न्यायालय बसले, आरोपपत्र वाचले गेले, आणि शिक्षेच्या हुकुमावर 59 जणांनी सह्या केल्या. त्यात आयर्टनची सही आहे.

संसदेने देऊ केलेले वर्षाला 2000 पौंडांचे जमिनीचे उत्पन्न त्याने नाकारले, अशी साक्ष त्याचा सहकारी लडलो याने दिली आहे. स्वतःची तुंबडी भरण्यासाठी मालमत्तेची बाजू घेणारा माणूस असे करत नाही. आयर्लंडच्या मोहिमेत लिमरिक पडल्यावर 26 नोव्हेंबर 1651 रोजी तो तिथेच तापाने वारला आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरला गेला. राजेशाही परतल्यावर त्याचे प्रेत उकरून काढले गेले आणि 30 जानेवारी 1661 रोजी टायबर्नच्या फासावर टांगले गेले.