वाकसानं तासलेली बोट

नाशिकला, द्वारकेच्या चौकात, उड्डाणपुलाच्या सावलीत, तुम्ही मुंबईच्या गाडीची वाट बघत उभे आहात. एका बाजूनं पुण्याकडचे ट्रक, दुसऱ्या बाजूनं रिक्षावाल्यांच्या हाका. समुद्राचा इथे काही संबंध नाही. नाशिकच्या पाण्यालासुद्धा तो नकोसा: त्र्यंबकपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटर, पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि साडेचौदाशे किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तुम्हाला मात्र पश्चिमेला जायचंय. आणि जायचंय १९६४ सालात.

गाडीत बसा आणि मागे वळून बघा. पूल गेला, चौकातली गर्दी गेली. राहिला तो जुना आग्रा रोड. मागे ओझरला याच वर्षी मिग विमानांच्या कारखान्याची सुरुवात होतेय. तुमच्या जिल्ह्यात आवाजापेक्षा वेगानं उडणारं विमान तयार होणार आहे, आणि तुम्ही कसारा घाट उतरून निघालात ते ताशी चार-पाच मैलांनी जाणारी एक बोट बघायला. हसाल, पण जरा थांबा.

अपोलो बंदरावर उतरा. समोर यॉट क्लब. १८४६ पासूनची ही संस्था. १८७६ साली नावाला ‘रॉयल’ लागलं आणि इंग्रजी अमदानीत ती गोऱ्यांपुरतीच राहिली. तिच्या १८८१ सालच्या जुन्या इमारतीत १९४९ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ बसत होते. दोनच वर्षांपूर्वी त्यांची कुलाब्याला नवी इमारत झाली. जिथे हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं, तिथे होमी भाभांची माणसं अणूवर डोकं चालवून गेली. काळानं केलेली ही थट्टा मला फार आवडते.

क्लबाच्या शर्यती कशा असतात, तेवढं इथेच समजून घ्या, पुढे लागेल. पाण्यावर एक अदृश्य रेघ असते, पंचांची बोट आणि एक बोया यांच्यामधली. आधी इशारा होतो, झेंडे चढतात-उतरतात आणि सगळे त्या रेघेच्या अलीकडे घुटमळत राहतात. क्षणभर आधी ओलांडली तर परत फिरावं लागतं, उशीर झाला तर दुसऱ्याच्या शिडानं अडवलेला वारा नशिबी येतो. वेगवेगळ्या मापांच्या बोटी एकत्र उतरल्या तर लागलेल्या वेळेला प्रत्येक बोटीचा ठरलेला आकडा लावून निकाल काढतात. म्हणजे सगळ्यांत आधी पोचलेली बोट जिंकतेच असं नाही. किनाऱ्याची शर्यत ही अशी, अर्धी वाऱ्याची आणि अर्धी हिशेबाची.

आता कुलाब्याकडे चला. सागाच्या भुश्शाचा वास येईल तिकडेच वळा. लाकडी टेकूंवर बत्तीस फुटी बोट उभी आहे, दोन्ही टोकांना निमुळती. आराखडा विल्यम अॅटकिन या अमेरिकन माणसाचा, आणि त्याचं मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चरनं आखलेल्या बचाव-नौकांमध्ये. वादळात दुसऱ्यांना वाचवायला जाणाऱ्या बोटींचं हे घराणं. शर्यतीसाठी असली बोट कुणी निवडत नाही.

सुतारांच्या हातांकडे बघा. वाकस दोन पायांमध्ये आपटतो आणि सागाची ढलपी उडते. अंगठा वाचला कसा, हे कळायच्या आत दुसरा घाव पडलेला असतो. शेजारी दुसरा सामता फिरवतोय, कमानीची दोरी पुढे-मागे ओढत. भोकं अशी हातानंच पाडायची. फळी जागेवर धरायची, जिथे अडेल तिथे पुन्हा तासायची, पुन्हा धरायची. मालक ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा पंचवीस वर्षांचा अधिकारी, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. बोटीचं नाव ठरलंय ‘सुहैली’. इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला असं म्हणतात. या मालकाला पुढे ‘सर’ किताब मिळेल. वाकस चालवणाऱ्यांची नावं शर्यतीच्या इतिहासात शोधू नका.

नारळ फुटतो, बोट पाण्यात जाते. पुढल्या वर्षाच्या अखेरीस ती मुंबई सोडते. दक्षिण आफ्रिकेत पैसे संपतात, मालक तिथे नोकरी करून पुन्हा पैसे जमवतो आणि १९६७ साली इंग्लंड गाठतो. आणखी एक वर्ष ओलांडा. १४ जून १९६८, इंग्लंडमधलं फाल्मथ बंदर.

इथे रेघ नाही, झेंडे नाहीत, आकड्यांचा हिशेब नाही. ‘संडे टाइम्स’नं शर्यत जाहीर केलीय: १ जून ते ३१ ऑक्टोबर, वाटेल त्या दिवशी निघा. एकट्यानं, कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता, तिन्ही मोठ्या भूशिरांच्या दक्षिणेकडून पृथ्वीला फेरी मारून या. सगळ्यांत आधी परतेल त्याला सोनेरी गोल, सगळ्यांत कमी दिवस लावेल त्याला पाच हजार पौंड. नऊजण उतरले. नॉक्स-जॉन्स्टनला खरं तर मोठी पोलादी बोट हवी होती; तेवढे पैसे कुणी दिले नाहीत, म्हणून सुहैली. नियम एकट्याचा आहे, तेव्हा चढा पण दिसू नका. तुम्ही सापडलात तर तो बाद.

केप व्हर्देजवळ येईपर्यंत बोटीत पाणी भरायला लागलंय. तो समुद्रात उडी मारून तळाशी जातो. तळाच्या कण्यालगतच्या फळीची फट उघडलीय, दोन्ही बाजूंना, आठेक फूट. श्वास धरून खाली जायचं, हातोडीचे दोन घाव घालायचे, वर यायचं. कापूस कॅनव्हासच्या पट्टीवर शिवून तो ती पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी ठोकतो आणि वरून तांब्याचा पत्रा चढवतो. हा पत्रा वायरलेस बसवणारे बोटीवर विसरून गेले होते. मध्येच शार्क घिरट्या घालायला लागतो. नॉक्स-जॉन्स्टन वर येतो, बंदुकीनं त्याला मारतो आणि पुन्हा खाली जातो.

ही शर्यत कशी जिंकली गेली, हे या पाण्याखालच्या ठोकाठोकीत कळतं, असं माझं मत आहे. हातानं जोडलेली फळी हातानंच पुन्हा बसवता येते. पुढे दक्षिण महासागरातल्या सप्टेंबरच्या वादळात बोट आडवी होते, केबिन हलते, पिण्याचं पाणी नासतं, वायरलेस मुका होतो. ऑस्ट्रेलियाच्या सुमारास वाऱ्यावर चालणारं सुकाणू निकामी होतं. प्रत्येक वेळी एक माणूस आणि त्याची हत्यारपेटी पुरते. न्यूझीलंडला ओटागोच्या तोंडाशी बोट वाळूत रुतते. तीही तो स्वतःच सोडवतो. १७ जानेवारी १९६९ ला केप हॉर्नचं भूशिर मागे पडतं.

बाकीच्यांचं काय झालं? फ्रान्सचा मॉत्सिए कदाचित कमी दिवसांत आला असता, पण हॉर्न ओलांडल्यावर त्याला शर्यतच नकोशी झाली आणि तो ताहितीकडे निघून गेला. टेटलीची प्लायवुडची तीन सांगाड्यांची बोट घराजवळ आल्यावर फुटली. क्राउहर्स्ट अटलांटिकमध्येच घोटाळत राहिला, खोट्या जागा कळवत राहिला. जुलैत त्याची बोट सापडली, तो सापडला नाही.

२२ एप्रिल १९६९. तीनशे बारा दिवसांनी सुहैली फाल्मथला येते. सरासरी काढा: ताशी चार सागरी मैल. कस्टमचे लोक चढतात आणि शिरस्त्याप्रमाणे विचारतात, कुठून आलात? तो म्हणतो, फाल्मथहून. परतलेला तो एकटाच, त्यामुळे दोन्ही बक्षिसं त्याची. पाच हजार पौंड तो क्राउहर्स्टच्या बायको-मुलांना देऊन टाकतो.

इथून द्वारकेला परतायला हरकत नाही, पण मग गोष्ट फार गुळगुळीत होईल. दोन ठिकाणी डोकावून घ्या. पहिलं गोव्याचं दिवाडी बेट, २००९. भारतीयानं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींनी धरलेला हट्ट इथे रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही बोट होऊन पाण्यात उतरतोय. दिलीप दोंदे तिच्यावरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरतील. त्याआधी ते नॉक्स-जॉन्स्टनकडेच शिकून आलेत.

दुसरं ठिकाण थंड आहे, कपडे सांभाळा. सप्टेंबर २०१८, दक्षिण हिंदी महासागर. त्या जुन्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली म्हणून तीच पुन्हा भरवलीय, जुन्याच साधनांनी. भारताचे अभिलाष टॉमी ‘तुरिया’ या बोटीवर आहेत: सुहैलीची हुबेहूब प्रतिकृती, दिवाडीतच बांधलेली. वादळात ती उलटते, डोलकाठी मोडते. पाठीच्या मणक्याला जबर मार बसल्यावर हत्यारपेटीचा काय उपयोग? तीन दिवस ते आडवे पडून आहेत. मग ‘ओसिरिस’ हे फ्रेंच मत्स्य-गस्तीचं जहाज येतं आणि त्यांना उचलून नेतं. तुरिया तिथेच सोडून द्यावी लागते. माझं हातानं दुरुस्त होणाऱ्या बोटीचं मत इथे तोकडं पडतं, ते पडू द्या.

२०२२ ला टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले, दुसऱ्या बोटीवरून. २९ एप्रिल २०२३ ला फ्रान्सच्या ले साब्ल-दोलोन बंदरात ते दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर.