साथीदार ते निर्माता : कर्ष काळे यांची वाटचाल

१/४ मैफलीत तबलावादकाचे स्थान परंपरेने साथीदाराचे. कर्ष काळे यांनी मात्र तबल्यालाच केंद्रस्थानी आणले. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये घडलेल्या या वादकाने तबल्याच्या नादाला इलेक्ट्रॉनिक संगीताची जोड दिली.

२/४ २००० मध्ये ‘तबला बीट सायन्स’ या समूहात ते झाकीर हुसेन यांच्यासमवेत होते. २००१ मध्ये ‘रिअलाइझ’ हा त्यांचा स्वतंत्र अल्बम आला.

३/४ पुढे इतरांसाठीची निर्मिती वाढत गेली. २००७ चा ‘ब्रीदिंग अंडर वॉटर’ त्यांनी अनुष्का शंकर यांच्यासह साकारला. २०१९ च्या ‘गली बॉय’चे पार्श्वसंगीतही त्यांचे आहे.

४/४ निर्माता दुसऱ्याच्या सुराला जागा करून देतो. साथीदारही तेच करतो. मैफलीतील हा जुना गुणच स्टुडिओत मोलाचा ठरला.