मुळेची चढण आणि माशांच्या याद्या

पावसाळ्याच्या सुरुवातीला नदीला गढूळ पाणी आले की मासे प्रवाहाविरुद्ध निघतात. ओढ्यांत आणि भातखाचरांत शिरून ते अंडी घालतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात, तर काही ठिकाणी वलगणीचे. पुण्याजवळच्या सूस गावाच्या उत्तरेने, नांदे-म्हाळुंगेच्या अंगाने वाहणारी मुळा ही अशाच चढणीची नदी. सामन मासा समुद्रातून नदीत परततो. मुळेतले चढणीचे मासे जन्मभर गोड्या पाण्यातच राहतात. वर चढण्यामागचे कारण मात्र एकच, पिलांसाठी उथळ व सुरक्षित पाणी.

अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणावर, माशांसाठी बांधलेल्या पायऱ्यांवरून वर जाणारे सामन १९३८ पासून मोजले जातात. मुळा आणि तिला मिळणारी मुठा यांच्या माशांचा लेखी इतिहास मात्र अशा मोजणीचा नव्हे, तर जातींच्या याद्यांचा आहे. त्याची सुरुवात कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांच्यापासून होते. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करताना त्यांनी येथील मासे गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. खुदरी, कोळस, नुक्ता ही कोळ्यांच्या तोंडची नावे त्यांनी शास्त्रीय नावांत तशीच ठेवली. खुदरी म्हणजे दख्खनचा महसीर. त्याचा मूळ नमुना पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतला.

पुढे चढणीची वाटच अडली. मुठेवर १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले. मुळेवर टाटांचे मुळशी धरण १९२७ मध्ये उभे राहिले आणि तेथील पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळले. खालच्या नदीचा पूर घटला. वर जाणाऱ्या माशाला तर समोर भिंतच आली. ए. जी. एल. फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी १९४२ मध्ये प्रसिद्ध केली, ती या बदलानंतरची. म्हणून धरणापूर्वीच्या नदीची साक्ष मुख्यतः साइक्स यांच्याच नोंदींत मिळते, आणि त्यांत कोणती जात होती एवढेच कळते, किती मासे चढत होते ते नाही. हीच या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव.

महसिराच्या विणीचा बारकाईने अभ्यास लोणावळ्यात झाला. सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याची अंडी व पिले यांचे निरीक्षण १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. टाटांच्या मत्स्यकेंद्रात प्रौढ मासे धरून, त्यांची अंडी हाताने काढून व फलित करून बीज तयार होऊ लागले. हे काम मोलाचे होते, पण तेच बीज कावेरीतही सोडले गेले आणि तेथील कुबडदार महसिराच्या अस्तित्वाला त्याची झळ बसली. याउलट पुणे जिल्ह्यातच देहूला इंद्रायणी नदीच्या डोहात मासे न धरण्याची रीत आहे. तिने महसिराला त्याच्याच प्रदेशात आसरा दिला.

२००३ मध्ये वाघ व घाटे यांनी मुळा-मुठेचे मासे पुन्हा नोंदवले. त्याच वर्षी खरात, डहाणूकर आदींनी पुणे जिल्ह्यातील माशांच्या जातींमध्ये दीर्घकाळात झालेले बदल मांडले. जुन्या याद्या हाताशी असल्यामुळेच ही तुलना शक्य झाली.