हिमांतून वळिवड्यास आलेले धर्मबंधु

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत आपल्या धर्मग्रामाची हकीकत यावी हें योग्यच आहे. परंतु मंगळवार पेठेपासून अवघ्या तीन कोसांवर घडलेला एक वृत्तांत आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक नाहीं. तो येथें नमूद करितों.

इ. स. १९४० च्या फेब्रुवारीची १० तारीख. पूर्व पोलंड तेव्हां रशियाच्या ताब्यांत होता. त्या दिवशीं सोव्हिएत शिपायांनीं हजारों पोलिश कुटुंबांस घराबाहेर काढलें, गुरांच्या डब्यांत कोंडलें आणि सैबेरियाकडे व उत्तरेच्या अरण्यांकडे रवाना केलें. थंडी जीवघेणी होती. कित्येक तान्हीं मुलें वाटेंतच गेलीं. हे लोक बहुतेक आपल्याच कॅथॉलिक धर्माचे. १९४१ च्या करारानें सुटका झाल्यावर त्यांतील कांहीं इराणमार्गें हिंदुस्थानांत आले.

त्यांच्यासाठीं १९४३ सालीं वळिवड्यास छावणी उभी राहिली. तींत सुमारें ५,००० माणसें होतीं. धडधाकट पुरुष सैन्यांत गेल्यामुळें स्त्रिया, मुलें व वृद्धच अधिक. खर्च लंडनस्थित पोलिश सरकार करी, तेव्हां सर्व कांहीं कोल्हापुरानें पुरविलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण भूमि आणि शेजार कोल्हापुरचाच. राजाराम महाराज १९४० मध्यें निवर्तले होते, गादीवर बालराजे होते, युद्धामुळें महागाई भडकली होती; तरी ह्या परक्यांस संस्थानांत ठाव मिळाला. छावणींत चर्च, शाळा, रुग्णालय, नाट्यगृहहि झालें. बाजारहाट करितां करितां पोलिश मुलांच्या तोंडीं मराठी शब्द आले.

माझा शेजारी कोण, असें शास्त्र्यानें प्रभूस विचारलें. तो दृष्टांत वाचतांना आपण नेहमीं स्वतःस शोमरोनी समजतों. वळिवड्यास मात्र वाटेंत पडलेला मनुष्य आपल्या धर्माचा होता, आणि त्यास आसरा देणारे शेजारी बहुतेक अन्य धर्माचे होते.

१९४८ मध्यें छावणी रिकामी झाली. पुढें त्याच बराकींत फाळणीनें बेघर झालेले सिंधी बांधव आले. लग्नाचें कापड घ्यावयास आपण ज्या गांधीनगरांत जातों, तें असें वसलें.

१९१९ नव्हे, अगदीं अलीकडे, २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेनें राजाराम बंधाऱ्यापाशीं ५५ फुटांची रेषा ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट. दोनच वर्षांनीं, २०२१ सालीं, पुन्हां महापूर आला. अशा वेळीं आपल्या हातून शेजाऱ्यास भाकरी किंवा घोंगडी गेली, तर ती दानाच्या वहींत न मांडतां वळिवड्याच्या ऋणाच्या खात्यांत मांडावी. पहिल्या महापुराच्या पुढच्याच महिन्यांत वळिवड्यास पोलिश पाहुण्यांच्या उपस्थितींत स्मृतिस्तंभाचें अनावरण झालें.

छावणींत मरण पावलेल्या कांहींच्या कबरा कोल्हापुरांत आहेत. यंदा २ नोव्हेंबरास, मृत भाविकांच्या स्मरणदिनीं, त्यांच्यासाठींहि मिस्सा अर्पण करण्याचें योजिलें आहे. ज्यांच्या घरांत त्या छावणीच्या आठवणी असतील त्या वळिवड्याच्या ग्रामस्थांसहि बोलावूं, मग ते कोणत्याहि धर्माचे असोत.